दिल्लीला गेलेला भीम

तारीख २२ ऑक्टोबर २०२०. तुम्ही आदिलाबादला उतरता तेव्हा ऊन कलतीला लागलंय, शेतांत कापूस फुटायला लागलाय आणि गावातली सिनेमागृहं मार्चपासून बंद आहेत. तोंडाला मास्क लावा, या वर्षात त्याशिवाय हिंडता येणार नाही.

चहाच्या टपरीवर दोन पोरं एका मोबाइलवर वाकून उभी आहेत. एक बेला मंडलातल्या कापूसवाल्याचा मुलगा. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत तेलुगू, आणि नात्यातली अर्धी माणसं पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात. दुसरा उटनूरकडचा गोंड. दोघं आपसात मराठी बोलतात, मध्येच तेलुगूत शिरतात, आणि त्यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही. तुम्ही त्यांच्या मागे जाऊन उभे राहा.

पडद्यावर पाणी उसळतं, भाला वर येतो, पिळदार अंगाचा एक माणूस डरकाळी फोडावी तसा ओरडतो. 'आर आर आर'चा टीझर आहे. एस. एस. राजामौलींच्या चित्रपटात ज्युनियर एनटीआर कोमरम भीम झालाय. आजचा दिवस भीमचा जन्मदिवस मानतात, म्हणून टीझरही आजच.

"पाय, पाय, काय दिसते बे!" बेल्याचा पोरगा म्हणतो.

शेवटच्या क्षणात तोच भीम डोळ्यांत सुरमा आणि डोक्यावर गोल टोपी घालून समोर येतो.

"थांब. मांगं घे," दुसरा म्हणतो. "भीमच्या डोक्यावर टोपी काऊन?"

"पिच्चर आहे बे. काही कारण असंन."

"असंन. पण काऊन?"

टीझर पुन्हा सुरू होतो. एकच मोबाइल, एकच टीझर, आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टींची वाट पाहताहेत. एकाला 'बाहुबली'पेक्षा मोठं काहीतरी हवंय. दुसऱ्याला त्याचा भीम हवाय. चित्रपटाचं चित्रीकरण अजून पुरं झालेलं नाही, पण या टपरीवर तो कधीच सुरू झालाय.

त्यांना ठाऊक असलेलं तुम्हीही जाणून घ्या. १४ मार्च २०१९ ला हैदराबादच्या पत्रकार परिषदेत राजामौलींनी सांगितलं होतं की ही कल्पित कथा आहे. अल्लुरी सीतारामराजू आणि कोमरम भीम हे दोघे प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत, दोघांच्याही आयुष्यात काही वर्षं अशी आहेत की ते कुठे होते हे नीट सांगता येत नाही, आणि त्या वर्षांत ते दिल्लीत भेटले असते तर काय झालं असतं, ही त्यांची कल्पना. अल्लुरी गोदावरीकाठच्या जंगलात इंग्रजांशी लढले आणि १९२४ मध्ये मारले गेले. भीम लढला तो निजामाशी, जल, जंगल आणि जमिनीसाठी, आणि ऑक्टोबर १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीनं पडला. जोडेघाट आता कोमरम भीमच्याच नावाच्या आसिफाबाद जिल्ह्यात आहे, पण २०१६ पर्यंत तो सगळा मुलूख आदिलाबादच होता.

थोड्याच दिवसांत आदिलाबादचे तेव्हाचे खासदार सोयम बापूराव त्या टोपीवर जाहीर हरकत घेतील, ती काढली नाही तर चित्रपट चालू देणार नाही असा इशारा देतील. देशभरच्या बातम्यांत तो एक राजकीय वाद म्हणून येईल, आणि त्यात राजकारण होतंच. पण टपरीवरच्या त्या 'काऊन'मध्ये राजकारण फार थोडं होतं. ज्याची गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकली तो माणूस एवढ्या मोठ्या पडद्यावर येणार म्हटल्यावर कुणीही विचारील असा तो प्रश्न होता.

तुमची एक अडचण मात्र लक्षात असू द्या. १२ मार्च २०२३ ला या चित्रपटातल्या 'नाटू नाटू' गाण्याला ऑस्कर मिळणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि या दोघांना नाही. म्हणून त्यांच्या मागे उभं राहूनसुद्धा तुम्ही तो टीझर त्यांच्यासारखा पाहू शकत नाही. हे ओझं प्रत्येक मुक्कामावर तुमच्याबरोबर येणार आहे.

आता मागे चला. १५ ऑगस्ट १९७५, मुंबई, मिनर्व्हा थिएटर. देशात आणीबाणी आहे आणि 'शोले' आज लागलाय. तीन कोटींच्या आसपास खर्च, सत्तर मिलिमीटरचा पडदा, स्टिरिओ आवाज, आणि वर्षानुवर्षं चाललेली चर्चा. दिव्यांच्या प्रकाशात आत शिरणाऱ्या माणसांचे चेहरे पाहा. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय की यापेक्षा मोठा चित्रपट आजवर झालेला नाही. अंधार होतो, आणि तुम्ही ज्या वाक्यावर टाळ्यांची वाट पाहता तिथे कुणी टाळी वाजवत नाही. सभागृह गप्प. समीक्षा थंड येतात, व्यापाराची पत्रं चित्रपट पडल्याचं लिहितात, आणि शेवटी मरणाऱ्या जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा का यावर निर्माते नि नट खल करत बसतात. त्यांना जाऊन सांगावंसं वाटेल की थांबा, या थिएटरात हा चित्रपट पाच वर्षं मुक्काम करणार आहे. सांगू नका. प्रेक्षक नाराज म्हणून गप्प नव्हते. एवढं मोठं काही पाहायला मिळेल म्हणून आले होते, आणि आत मिळालं ते त्यांनी मनात योजलेल्या आकारात बसत नव्हतं. त्यांना थोडा वेळ हवा होता.

तिथून एखादं वर्ष पुढे येऊन आदिलाबादला परत या. मोठ्या शहरांतून उतरलेली प्रिंट जिल्ह्याच्या गावी यायला या काळात महिनोन्‌महिने लागतात. पण चित्रपटाआधी आवाज पोचलाय. पॉलिडॉर कंपनीनं 'शोले'च्या संवादांच्याच तबकड्या काढल्या आहेत. हॉटेलात तबकडी फिरतेय, आणि ज्यानं गब्बरसिंगचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही तो पोऱ्या टेबल पुसता पुसता त्याचे संवाद त्याच्याआधी म्हणतोय. मग एक दिवस प्रिंट येते. तुम्ही बाकावर दाटीवाटीनं बसता. खडकांवरून बुटांचा आवाज येतो आणि अख्खं थिएटर श्वास रोखून धरतं, कारण पुढे काय येणार हे प्रत्येकाला पाठ आहे. संवाद पडद्यावरून आणि बाकांवरून एकदमच निघतो.

मिनर्व्हातल्या पहिल्या दिवशीच्या माणसापेक्षा या माणसाची अपेक्षा कमी होती का? मला तर ती जास्तच वाटते. फरक एवढाच की मुंबईकराला आश्वासन मिळालं होतं ते मोठेपणाचं, आणि मोठेपणाला काठ नसतो. कितीही दाखवा, मनातलं त्याहून मोठं निघतं. आदिलाबादचा प्रेक्षक ठरावीक जागांची वाट पाहत होता, आणि त्या जागा एकेक करून आल्या. कथा आधी कळली तर मजा जाते असं आपण हल्ली फार सहज धरून चालतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत २०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, आणि दिवाळीच्या दिवसांत गावोगाव दंडारी घेऊन फिरणाऱ्या, मोरपिसांचा टोप घातलेल्या गुसाडीची वाट पाहणाऱ्या गोंड मुलालाही नाही. नाच दरवर्षी तोच. म्हणून तर तो येण्याआधी पोरं वेशीवर जाऊन उभी राहतात.

पण ठाऊक असलेलंच मिळालं म्हणजे झालं, असंही नाही. ते पाहायला २०१६ च्या उन्हाळ्यात पैनगंगा ओलांडून यवतमाळला चला.

'सैराट' २९ एप्रिलला लागलाय. बेल्याचा पोरगा तेव्हा शाळेत आहे, सुट्टीत मामाकडे आलाय, आणि मामेभावंडांबरोबर त्याला थिएटरात ओढून नेलंय. अजय-अतुलची गाणी गेले काही आठवडे प्रत्येक लग्नात, प्रत्येक टेम्पोत वाजताहेत. 'झिंगाट' सुरू होताच माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे जाऊन नाचतात, आणि तोही नाचतो. तुम्ही बसून राहा, त्याच्याकडे पाहत. ही माणसं प्रेमाची गोष्ट पाहायला आलेली आहेत, त्यांना ती मिळते आहे, पोटभर, मध्यंतराच्या पुढेही. नागराज मंजुळे यांनी ही अपेक्षा चुकून वाढू दिलेली नाही. ती हवी होती म्हणून वाढवली. गाणी, विहीर, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, सगळ्यांनी मिळून प्रेक्षकाला इतकं खात्रीशीर सुख दिलं की शेवटच्या मिनिटांत पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो तेव्हा मघा नाचणाऱ्यांना पाय कुठे ठेवावेत कळत नाही. जो नाचला नव्हता त्याला तो शेवट दुःखद वाटला असेल. नाचलेल्याला तो आपल्यावर बेतल्यासारखा लागला. दोन वर्षांनी 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला तेव्हा मराठी प्रेक्षक त्या शेवटाची तयारी करूनच बसला होता. मग तो शेवट त्याला तसा कसा लागणार?

अपेक्षा कमी ठेवली की चित्रपट आवडतो, हा सल्ला मी म्हणूनच मानत नाही. कोरड्या मनानं गेलेल्या माणसाला 'सैराट'नं काय दिलं असतं?

आणि ज्या चित्रपटावर कुणाची अपेक्षाच नसते त्याचं काय होतं तेही पाहून घ्या, कारण ते याच मातीत घडलंय. कोमरम भीमवर तेलुगूत 'आर आर आर'च्या कितीतरी आधी चित्रपट झाला होता. अल्लाणी श्रीधर यांचा हा पहिलाच चित्रपट, भीमच्या भूमिकेत भूपाल रेड्डी. १९९० मध्ये तो तयार झाला, त्याला नंदी पुरस्कार मिळाले, आणि तो प्रदर्शित झाला २०१० मध्ये. मधली वीस वर्षं नुसतं चालत या. या वीस वर्षांत हैदराबादेत किती नायक उगवले, मावळले, आणि रिळं डब्यातच. टीझर नाही, तारखा नाहीत, कागदाचे तुकडे उधळायला जमलेली पोरं नाहीत. भीमचं चरित्र शक्य तितकं धरून चालणारा चित्रपट होता, आणि ज्यांनी त्याची वाट पाहायला हवी होती त्यांतल्या बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नव्हतं. वाट पाहणाऱ्या माणसांशिवाय तो चित्रपट आदिलाबादच्या जिभेवर कधी आलाच नाही. २०२० मध्ये टपरीवर उभ्या असलेल्या त्या गोंड पोराला विचारा, त्यानं तो पाहिलाय का. तो म्हणेल, "काकाच्या मोबाइलवर थोडा पाहिला होता." बस.

मग त्याच्या मनातला भीम आला कुठून? थोडा आजोबांकडून, थोडा साहू आणि अल्लम राजय्या यांच्या कादंबरीवरून सांगितलेल्या गोष्टींतून, आणि बराचसा जोडेघाटहून. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, तिथे दरवर्षी भीमचा स्मृतिदिन होतो. लहानपणी खांद्यावर बसून तो तिथे गेलाय.

त्या भीमला भेटायचं तर आणखी मागे चला. विसाच्या दशकातला चांदा. चंद्रपूर हे नाव अजून यायचंय. या मुक्कामावर पाय जपून टाका, कारण हा भाग जिल्ह्यात सांगितल्या जाणाऱ्या चरित्रातला आहे, दप्तरातला नाही. सांगतात ते असं: पिकाच्या भांडणात एका जमीनदाराचा जीव गेला आणि तरुण भीम कोंडल नावाच्या मित्राबरोबर पायी चालत चांद्याच्या मुलुखात आला. इथे विटोबा नावाच्या छापखानेवाल्यानं त्याला आसरा दिला. निजाम आणि इंग्रज दोघांविरुद्ध विटोबा गुपचूप मजकूर छापायचा. शाईच्या वासात, खिळ्यांच्या पेट्यांमध्ये उभं राहून तुम्ही पाहता, एक गोंड तरुण अक्षरं ओळखायला शिकतोय. उर्दू, हिंदी, थोडं इंग्रजी. पुढे विटोबाला अटक झाली, आणि भीम तिथून निघाला तो आसामच्या चहामळ्यांपर्यंत गेला. परतल्यावर बारा गावांचा हक्क मागणारा जो भीम निजामाच्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला, त्याच्या मागे हा छापखाना आहे, असं ही गोष्ट मानते.

भीम मेल्यावर निजाम सरकारला आपलं काय चुकलं हे समजून घ्यावंसं वाटलं. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ गोंडांमध्ये आला, मार्लवाईला राहिला, तिथे गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. त्याची आणि पत्नी बेटीची समाधी त्याच गावात आहे. अक्षरांची ही ओढ आदिलाबादच्या गोंडांच्या इतिहासात इतकी खोल आहे. ती ध्यानात ठेवून पुढच्या मुक्कामाला चला, तिथे तुम्हाला तिची गरज पडेल.

जानेवारी २०२२. बेल्याचा पोरगा वैतागलाय. 'आर आर आर' आधी जुलै २०२० मध्ये येणार होता, मग जानेवारी २०२१, मग १३ ऑक्टोबर २०२१, मग ७ जानेवारी २०२२. शेवटची तारीख तर तोंडावर आली होती. मोठमोठ्या शहरांत जाहिरातीचे सोहळे उरकले होते, आणि ओमायक्रॉनमुळे १ जानेवारीला पुन्हा पुढे ढकलल्याची घोषणा झाली. "आता मी पाहतच नाही," तो म्हणतो. आणि लगेच मोबाइलवर 'नाटू नाटू' लावतो, जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून ती पावलं बसवून पाहतो. गेल्या ऑगस्टमध्ये हे गाणं युक्रेनमध्ये, कीव्हच्या मारिन्स्की राजवाड्यापुढे चित्रित झालं. पुढच्याच महिन्यात त्या शहरावर युद्ध येणार आहे. हेही तुम्हालाच माहीत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॉब रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोबाइलवरच्या एका खेळातून अठरा हजारांहून जास्त माणसांचं सुख मोजायचा प्रयत्न केला. त्यांना आढळलं की सुख हे किती मिळालं यापेक्षा अपेक्षेहून किती बरं मिळालं यावर जास्त ठरतं. एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. त्यांच्या हिशेबात दुसरा भागही होता: निकाल लागण्याआधी नुसती चांगली अपेक्षासुद्धा माणसाला सुख देते. सव्वा वर्ष हा पोरगा रोज थोडाथोडा 'आर आर आर' जगलाय. चित्रपट उद्या पडला तरी ते दिवस त्याच्याकडून कुणी परत घेणार नाही.

आणि मग २५ मार्च २०२२. पहाटेची वेळ, थिएटरबाहेर ढोल, दोन्ही नायकांचे फलक, दुधाच्या पिशव्या, फटाके. सरकारनं सुरुवातीच्या दिवसांत तिकिटाचे दर वाढवायची परवानगी दिलीय, तरी तिकीट नाही. तुमच्यासाठी कुणीतरी एक जागा धरून ठेवलीय असं समजा, या दोघांच्या मधली.

आतलं वातावरण अंगावर घ्या. कागदाचे कपटे पंख्याच्या वाऱ्यात फिरताहेत. जंगलातल्या एका वस्तीतून मल्ली नावाची गोंड मुलगी गव्हर्नरची बायको उचलून नेते, आणि उजवीकडचा पोरगा ताठ होतो. पडद्यावरचा अल्लुरी, म्हणजे रामराजू, हजारोंच्या गर्दीत एकटा उडी घेतो, आणि डावीकडचा खुर्चीवर उभा राहतो. मग भीम येतो. जंगलात अंगावर रक्त ओतून घेतो, मागे लांडगा लागतो, आणि मग वाघ. पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथले वाघ नदी ओलांडून तामसी, भीमपूरकडच्या शेतांत येतात. कापूस वेचायला जायचं की नाही हे ठशांवरून ठरवणारी माणसं या थिएटरात बसलेली आहेत. जाळ्यात सापडलेल्या वाघाला भीम बेशुद्ध करतो आणि त्याची माफी मागतो, माझ्या गरजेसाठी तुला वापरतोय म्हणून. शिट्ट्या वाजताहेत. उजवीकडचा पोरगा शिट्टी वाजवत नाही, पण त्यानं तुमचा दंड घट्ट धरलाय. त्याला जे हवं होतं ते इथे मिळालं, आणि ते खर्चाच्या आकड्यांतून आलेलं नाही. कुणीतरी थोडा वेळ त्याच्या माणसासारखा विचार केला, म्हणून आलं.

टोपीचं कारणही कळतं. भीम दिल्लीत अख्तर या नावानं लपून राहतोय. बेल्याचा पोरगा तुमच्यावरून वाकून मित्राला कोपरखळी मारतो, "सांगलं नव्हतं?" मित्र मान हलवतो. दीड वर्षाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात मिटला. पण त्याच्या जागी दुसरा उभा राहतोय. तो अजून त्याच्या ओठांवर आलेला नाही.

पूल, आग, झेंडा, मोटारसायकल. प्राण्यांनी भरलेला ट्रक गव्हर्नरच्या वाड्यात घुसतो आणि मध्यंतर होतं तेव्हा थिएटरात कुणाचाच आवाज बसल्याशिवाय राहिलेला नाही. मोठेपणाची जी अपेक्षा मिनर्व्हात पुरी झाली नव्हती ती राजामौलींनी इथे पुरी केलीय, आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. 'बाहुबली'नंतर लोक काय मागणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येक वेळी मागणीच्या एक पाऊल पुढे उडी टाकायची हे त्यांनी ठरवलेलं दिसतं.

उत्तरार्धात भीमला चाबकानं फोडतात. गुडघे टेक, असा हुकूम आहे, आणि तो टेकत नाही, गातो. सुद्दाला अशोक तेजांचे शब्द, काल भैरवचा आवाज, आणि प्रत्येक कडव्याला भीमचं पूर्ण नाव. उजवीकडचा पोरगा रडतोय, उघडपणे. बेल्याचा पोरगाही. आदिलाबादच्या थिएटरात कोमरम भीमचं नाव असं घुमलेलं त्यांच्यापैकी कुणी कधी ऐकलं नव्हतं. टीझर पाहिला त्या दुपारपासून ते याच जागेकडे येत होते, ती पडद्यावर कशी दिसेल हे माहीत नसताना.

आणि मग शेवट. सगळं जिंकून झाल्यावर राम विचारतो, तुला काय देऊ, आणि भीम म्हणतो, मला अक्षरं दे, शिक्षण दे. राम झेंड्यावर लिहितो, जल, जंगल, जमीन.

चांद्याचा छापखाना आठवा.

थिएटर टाळ्या वाजवतंय. तुमच्या उजवीकडे टाळी अर्ध्यावर थांबली. जे शब्द भीमनं दिले ते त्याला लिहून दिले जाताहेत. ज्यानं, त्याच्या लोकांच्या गोष्टीप्रमाणे, शाईत हात घालून अक्षर मिळवलं तो ते मागतोय. आणि ज्याच्याशी तो मरेपर्यंत लढला तो निजाम या तीन तासांत लढाईच्या पलीकडच्या बाजूला दिसलाच नाही. दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या प्रेक्षकाला इथे काही खटकलं नसेल, कारण त्यानं काही बरोबर आणलंच नव्हतं. मला मात्र हा दिग्दर्शकाचा कमीपणा वाटतो, कल्पित कथा म्हणून सांगितल्यानंतरही. कल्पनेला भीमला दिल्लीला नेता येतं, वाघाशी बोलायला लावता येतं. त्याच कल्पनेला त्याच्या हातात लेखणी द्यायला काय हरकत होती?

बाहेर पडायच्या आधी एक छोटा वळसा घ्या. १ जून २०२२, अमेरिका. एका रात्रीसाठी चित्रपट पुन्हा लावलाय. आत बसलेल्या बहुतेकांनी भीमचं नाव ऐकलेलं नाही, निजामाचं नाही, राजामौलींचंही क्वचितच. ते खुर्चीवर उभे राहून ओरडताहेत. काहीच माहीत नसण्याचा आनंद निखळ असतो, हे त्यांच्याकडे पाहून कबूल करावं लागतं. पण मधल्या खुर्चीवर बसून तुम्ही आदिलाबादला जे पाहिलं, दंड धरणारा हात आणि अर्ध्यावर थांबलेली टाळी, ते इथे कुणाला मिळणार नाही. पुढच्या मार्चमध्ये ऑस्करनंतर पहिल्यांदा चित्रपट लावणारी माणसं आणखी वेगळी असतील. त्यांतली कितीतरी अर्ध्या तासात विचारतील, एवढं काय आहे यात?

आता २५ मार्चच्या सकाळी परत या. ऊन चढलंय, दुसऱ्या खेळाची रांग रस्त्यापर्यंत आलीय. दोघं टपरीवर चहा घेताहेत, आवाज दोघांचेही गेलेले.

"कसा वाटला?"

"भारी."

"मंग तोंड काऊन असं?"

तो कप खाली ठेवतो. "शाळा काऊन मागितली बे त्यानं? भीमले येत होतं वाचाले. आमचा आजा सांगे." थोडं थांबून, "अन् निजाम कुठी गेला?"

बेल्याच्या पोराला याचं उत्तर नाही. तो आजपर्यंत भीमला नायक म्हणून ओळखत होता, चांद्याचं त्याला माहीतच नव्हतं. "कोणतं येत होतं वाचाले?" तो विचारतो, आणि मग टपरीवर अर्धा तास ती गोष्ट चालते. कोंडल, पायवाट, छापखाना, विटोबा, आसाम, बारा गावं. चहाचे आणखी दोन कप येतात. टपरीवाला मध्ये एक दुरुस्ती सुचवतो, त्याच्या आजोबांनी वेगळं सांगितलेलं असतं.

"संध्याकाळचं तिकीट भेटते का पाहू," बेल्याचा पोरगा म्हणतो.

"पुन्हा?"

"आता पाहिजेन ना मले. आता मले माहीत आहे कुठी पाहाचं ते."

मित्र हसतो. "दुसरा पिच्चर काढाले पाहिजे राजामौलीनं. दिल्ली नको. चांद्यापासून सुरू कर म्हणा. छापखाना दाखव, जोडेघाट दाखव."

"अन् वाघ?"

"वाघ राहू दे बे. वाघ तं आपलाच आहे."